पाच बँड, एक स्टेज आणि एक मोठं पातेलं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही नेदरलँड्समधल्या वाखेनिंगनला शेतीशास्त्रात मास्टर्स करताय. राहता त्या वस्तीतले लोक दरवर्षी ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी समोरच्या हिरवळीवर एक दिवसाचा संगीत महोत्सव करतात आणि यंदा बँड ठरवायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. स्टेज आणि साउंडचा खर्च वेगळा, तुमच्या हातात ३,००० युरो. बँड पाच हवेत आणि सगळे डच, इंडी, अंडरग्राउंड, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या आधाराशिवाय स्वतःच्या बळावर वाजवणारे, असावेत अशी जुन्या मंडळींची अट आहे. तुम्हाला या संगीतातलं ओ की ठो कळत नाही. कुणाला बोलवू, किती देऊ, आणि फजिती नेमकी कुठे होईल, असं तुम्ही विचारलंय. ढोल-ताशाचाही एक प्रश्न आहे, त्याकडे सगळ्यात शेवटी येतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. लग्नाच्या ऑर्केस्ट्राला आणि गणपतीतल्या स्टेजला साउंड लावत शिकलो. गेली सोळा वर्षं नायमेखनजवळ राहतो आणि उन्हाळ्यातले बरेचसे शनिवार-रविवार असल्याच छोट्या मैदानांवर मिक्सरमागे नाहीतर स्टेजच्या कडेला जातात.

आधी धीर देतो. ३,००० युरोत पाच चांगले बँड येतात. पण बँड मिळवणं हे यातलं सोपं काम आहे. दुपारी वाजवून झालेला बँड रात्रीपर्यंत मैदानावर थांबला पाहिजे, खरी कसोटी तिथे लागते. खाली जे काही लिहितोय, पैशांपासून पातेल्यापर्यंत, ते सगळं यासाठीच.

असं का, ते नकाशा बघितलात की कळेल. ग्रोनिंगनहून मास्ट्रिख्टला जायला गाडीने साडेतीन-चार तास लागतात, म्हणजे जवळपास अख्खा देश संपला. त्यामुळे इथला कुठलाही बँड कुठेही वाजवून त्याच रात्री आपल्या अंथरुणात झोपू शकतो. हॉटेलचा खर्च वाचतो हे खरं, पण तीन वाजता वाजवलं, चारला गाडी भरली, सहाला घरी, असंही सहज होतं. आता हिशेब करा. तुमच्याकडे एका वेळी दीडशे माणसं असतील. पाच बँड म्हणजे वीस-बावीस वाजवणारे, त्यांच्याबरोबर आलेले मित्र-मैत्रिणी धरून पस्तीस. वाजवून झालं की जो तो निघाला, तर तुमच्या प्रेक्षकांतला सर्वात जाणकार, सर्वात मोठ्याने टाळ्या वाजवणारा पाचवा हिस्सा गेला. आणि शेवटचा बँड शेजारपाजारच्या चार आजोबांसमोर आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवतो. मी हे पाहिलंय. त्या ड्रमरचा चेहरा अजून आठवतो.

आता हे संगीत येतं कुठून, ते थोडं सांगतो, कारण त्याशिवाय ही माणसं कशी वागतात ते समजणार नाही.

साठच्या दशकाच्या शेवटी इथे तरुणांसाठी जागा उघडल्या. ॲमस्टरडॅममध्ये जुन्या चर्चच्या इमारतीत १९६८ला पाराडिसो आणि दोन वर्षांनी दुधाच्या जुन्या कारखान्यात मेल्कवेख. नगरपालिकांनी अशा जागांना अनुदान द्यायला सुरुवात केली आणि हळूहळू जवळजवळ प्रत्येक बऱ्यापैकी शहरात एक सरकारी मदतीवर चालणारं पॉप-संगीताचं सभागृह झालं. दुसरा उगम रिकाम्या इमारती ताब्यात घेऊन राहणाऱ्यांचा. घरांची टंचाई भयंकर होती. ३० एप्रिल १९८०ला राणी बेआट्रिक्सचा राज्याभिषेक झाला त्या दिवशी 'घर नाही तर राज्याभिषेक नाही' म्हणत ॲमस्टरडॅममध्ये दंगल पेटली. अशा ताब्यात घेतलेल्या घरांच्या तळघरांत सरावाच्या खोल्या झाल्या, बार झाले, छापखाने झाले. द एक्स हा पंक, म्हणजे खडबडीत, बंडखोर रॉक वाजवणारा बँड १९७९पासून त्याच हवेत वाढला आणि आजही वाजवतोय. इथिओपियाचे म्हातारे सॅक्सोफोनवादक गेताच्यू मेकुरिया यांच्याबरोबर त्यांनी २००६ला काढलेला अल्बम एकदा रात्री ऐकाच. वाजवणारे डच पंक आणि चाली आदिस अबाबाच्या, पण कुठेही ठिगळ लावल्यासारखं वाटत नाही.

रिकाम्या इमारतीत घुसणं १ ऑक्टोबर २०१०पासून गुन्हा झाला. जागा कमी झाल्या, काही कायदेशीर होऊन टिकल्या, पण त्या काळाची सवय मात्र राहिली. कामं वाटून घ्यायची, पोस्टर आपणच छापायचं, तिकीट फाडणाराच नंतर भांडी घासतो. ग्रोनिंगनचं व्हेरा बघा. स्वयंसेवकांच्या जिवावर चालणारी जागा, कार्यक्रमांची पोस्टरं आजही तिथेच हाताने स्क्रीनप्रिंट होतात. निर्वाणा ही अमेरिकन रॉक बँड १९८९मध्ये तिथे वाजवून गेली, जगाला तिचं नाव कळायच्या दोन वर्षं आधी. एखादा बँडवाला तुमच्या मैदानावर आला आणि न सांगता खुर्च्या मांडायला लागला तर संकोचू नका. तो अशाच जागांमध्ये वाढलाय.

कानाला वळण लागावं म्हणून चार-पाच नावं देतो. ही मंडळी तुमच्या बजेटच्या पुढे गेली आहेत, तेव्हा त्यांना मेल करायला धावू नका, फक्त ऐका. रॉटरडॅमचा लूजबर्ग. नाव घेतलंय रोबर्ट लूसबर्ग या त्याच शहरातल्या लेखकावरून. गिटार कोरडी, गायक गातो की बोलतो ते ठरवता येत नाही, आणि तीन गाण्यांनंतर तुम्ही त्यात अडकलेले असता. फ्रीसलँड प्रांतातल्या डोकम नावाच्या चिमुकल्या गावातला द होमसिक. ख्रिस्ती धर्मप्रसारक बोनिफास याला इसवी सन ७५४मध्ये तिथे मारलं, त्या संतावर या पोरांनी गाणं केलं, आणि २०२०मध्ये त्यांचा अल्बम अमेरिकेच्या सब पॉप या रेकॉर्ड कंपनीने काढला. निर्वाणाचा पहिला अल्बम काढणारी हीच ती कंपनी. ॲमस्टरडॅमची पिप ब्लोम, हे गायिकेचंही नाव आणि बँडचंही. तिचे वडील ऐंशीच्या दशकात एटन क्रॉप या बँडमध्ये होते, ज्याला बीबीसी रेडिओचे निवेदक जॉन पील यांनी आपल्या कार्यक्रमात वाजवायला बोलावलं होतं. म्हणजे इथे आता अंडरग्राउंडचंही घराणं होऊ लागलंय. अर्नोल्ड द बुर हा झेआ या नावाने एकट्याने फ्रिशियन भाषेत गातो आणि २००९पासून द एक्सचा गायकही आहे. आणि माझा सर्वात लाडका द किफ्ट. उत्तर हॉलंडमधला बँड, पंक आणि गावच्या पितळी वाद्यांचा बँडबाजा यांचं लग्न. गायकाचे वडील त्यात ट्रम्पेट वाजवायचे. कोल्हापूरच्या माणसाला द किफ्ट ऐकताना वरातीची आठवण झाली नाही तर नवल.

तुमच्या बजेटचे बँड सापडतात ते वेगळ्या ठिकाणी. सर्वात सोपी वाट म्हणजे पॉपरोंदे. हा फिरता महोत्सव १९९४मध्ये आमच्या नायमेखनमध्ये सुरू झाला. सप्टेंबर ते नोव्हेंबर नवे बँड गावोगावच्या कॅफेंमध्ये, दुकानांमध्ये वाजवत फिरतात, प्रवेश फुकट. मागच्या दोन वर्षांची यादी उघडा. ज्यांचं त्यानंतर फार मोठं काही झालं नाही पण जे अजून वाजवतायत, ते तुमचे बँड. त्यांनी रस्त्यावर, सलूनमध्ये, पुस्तकांच्या दुकानात, मोडक्या साउंडवर वाजवलेलं असतं, त्यामुळे तुमच्या हिरवळीची त्यांना धास्ती नसते. दुसरी वाट म्हणजे व्हीपीआरओ या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या '3voor12' (ड्री फोर ट्वाल्फ) या संगीताच्या वेबसाइटच्या स्थानिक आवृत्त्या, जिथे स्वयंसेवक लहानसहान कार्यक्रमांवरही मनापासून लिहितात. तिसरी आणि माझ्या मते सर्वात चांगली वाट: एक बँड पक्का झाला की त्यालाच विचारा, "तुमच्याबरोबर आणखी कोण असलं तर तुम्ही रात्रीपर्यंत थांबाल?" या प्रश्नाने अर्धी यादी आपोआप तयार होते. एकाचा ड्रमर दुसऱ्यात बेस वाजवत असतो, तिसऱ्याची व्हॅन चौथ्याने उसनी घेतलेली असते. मैत्री असलेले बँड एकमेकांना ऐकायला थांबतात.

ऐकून निवडताना रेकॉर्डिंगवर भुलू नका. घरी बसून लॅपटॉपवर चकाचक गाणं कुणीही करतो. कुणीतरी फोनवर काढलेला, प्रेक्षकांतला हलणारा व्हिडिओ शोधा. दोन गाण्यांच्या मध्ये ते काय करतात ते बघा. तिथे पाठ फिरवून चार मिनिटं गिटार जुळवत बसणारा बँड उघड्या मैदानावर मार खातो.

मेल इंग्रजीत लिहा, चालतं. पण पहिल्याच मेलमध्ये तारीख, वेळ, किती मिनिटं वाजवायचं, किती पैसे, पेट्रोल वेगळं की त्यातच, स्टेजवर काय सामान मिळेल आणि जेवण किती वाजता, हे सगळं लिहा. आपल्याकडे पैशाचं बोलणं सगळ्यात शेवटी, तेही "बघू हो, ते काय पळून जातंय" अशा सुरात. इथे आकडा आधी लिहिणं हीच सभ्यता. आणि "पैसे फार नाहीत पण प्रसिद्धी मिळेल" हे वाक्य चुकूनही लिहू नका. ते असल्या मेलवर आपसात हसतात, आणि सगळे एकमेकांना ओळखतात हे वर सांगितलंच.

पैशांची वाटणी मी अशी करीन. प्रत्येक बँडला ३५०, म्हणजे १,७५०. प्रवासाला ३५०. जेवणखाण ४००. भाड्याचा ड्रमसेट आणि बेस गिटारचा ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारी पेटी, २५०. उरलेले २५० हात न लावता बाजूला, कारण काहीतरी मोडतंच. पाचही बँडना सारखंच मानधन द्या. तो शेवटी वाजवतो म्हणून त्याला ६००, ही पोरं नवी म्हणून यांना १००, असं केलंत तर जेवणाच्या टेबलावर ते पाच मिनिटांत सगळ्यांना कळतं आणि टेबल थंड पडतं. फरक करायचा तो प्रवासात. इथे नोकरदाराला गाडीने येण्याजाण्याचा करमुक्त भत्ता २०२४मध्ये किलोमीटरला २३ सेंट झाला. मी तोच दर धरतो, घासाघीस करावी लागत नाही. ग्रोनिंगनहून येऊन-जाऊन साडेतीनशे किलोमीटर म्हणजे ८० युरो, रॉटरडॅमचे पंचेचाळीसच्या आसपास. पैसे त्याच आठवड्यात खात्यावर टाका. तुमच्या मंडळींची नोंदणीकृत संस्था असेल, तिचा खजिनदार कोण ते आत्ताच विचारून ठेवा. तो ऑगस्टमध्ये फ्रान्सला तंबू ठोकून बसलेला असतो.

आता स्टेज.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. मी कुणालाही ड्रमसेटबद्दल लिहिलं नव्हतं, त्यामुळे पाचही बँड आपापला सेट घेऊन आले. प्रत्येक बँडनंतर एक सेट उतरवायचा, दुसरा चढवायचा, माईक पुन्हा लावायचे. वीस मिनिटांचं काम पंचेचाळीस मिनिटांवर गेलं. आवाज बंद करायची वेळ तर ठरलेली. शेवटच्या बँडला सतरा मिनिटं मिळाली. ते लीवार्डनहून आले होते. काही बोलले नाहीत, चार गाणी वाजवली, माझा हात हातात घेतला आणि गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून नियम एकच. ड्रमसेट एक, बेसचा ॲम्प एक, गिटारचे ॲम्प दोन, सगळ्यांना तेच. ड्रमरने आपल्या झांजा, स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) आणि पायाचं पेडल आणायचं, गिटारवाल्यांनी आवाज बदलणारी आपली पेडलं. हे मेलमध्ये लिहा आणि आठवडाभर आधी पुन्हा लिहा. ड्रमखाली घालायला जाड गालिचा हवा, कमीत कमी दोन मीटर बाय दोन मीटर, नाहीतर बेस ड्रम प्रत्येक ठोक्याला पुढे सरकतो आणि तिसऱ्या गाण्यात ड्रमर हात लांब करकरून वाजवतोय असं दिसतं. क्रिंगलोपमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, दहा युरोला मिळतो. त्यावर प्रत्येक बँडसाठी वेगळ्या रंगाची टेप लावून स्टँडच्या पायांच्या खुणा करा.

बदलाची वीस-पंचवीस मिनिटं कशी जातात ते जवळून सांगतो. शेवटचा सूर विरला की सगळ्यांना एकच मोह होतो, स्टेजवरच उकिडवं बसून आपली केबल गुंडाळायची. गिटारवाला तर पेडल-बोर्डवर झुकून एकेक वायर काढत, पुढच्या रांगेतल्या मित्राशी गप्पा मारत बसतो. तिथे तुमचा एक माणूस लागतो, गोड पण खमक्या. त्याने एवढंच म्हणायचं: सामान आधी खाली, गुंडाळणं नंतर. स्टेजमागे गवतावर एक ताडपत्री अंथरून ठेवा. सगळं होतं तसं उचलून त्या ताडपत्रीवर ठेवायचं. चार मिनिटांत स्टेज मोकळं. पुढचा ड्रमर झांजा आधीच स्टँडला लावून कडेला उभा हवा. तो चढला की मी एकेक लाइन, म्हणजे प्रत्येक वाद्याची आणि माईकची वायर, तपासतो. किक (पायाने वाजणारा बेस ड्रम), स्नेअर, बेस, गिटार, आवाज. गाणं वाजवून बघत नाही. पूर्ण साउंड-चेक फक्त पहिल्या बँडचा, दुपारी एक वाजता. बाकीच्यांना हे आधी सांगितलेलं असलं की कुणी रुसत नाही.

विजेचं एक सांगतो, कारण छोट्या मैदानावर माणसं हमखास इथे फसतात. इथला साधा सर्किट १६ अँपिअरचा, म्हणजे २३० व्होल्टला ३,६८० वॅट. बटाट्याचे फ्राइट तळायची एक विजेची कढई एकटीच तीन हजारांच्या घरात घेते. एका गावी स्टेज आणि फ्राइटवाला एकाच सर्किटवर होते. चौथ्या गाण्याच्या मध्यावर कुणीतरी दुसरी कढई लावली आणि स्टेज मुकं झालं, फक्त ड्रमर वाजवत राहिला. लोकांना वाटलं गाण्यातच तसं आहे, टाळ्याही पडल्या. तेव्हा स्टेजची लाइन वेगळी, बिअरचे फ्रीज वेगळे, स्वयंपाक वेगळा. जो माणूस वीज देणार आहे त्याला कागदावर चित्र काढून दाखवा.

वेळापत्रक मी असं लावीन. ३ ते ३.४०, ४.०५ ते ४.४५, ५.१० ते ५.५०. मग तासभर सुट्टी. ६.५० ते ७.३०, आणि शेवटचा ७.५५ ते ८.४५. अंधार पडता पडता संपतं, शेजारीही खूश. सर्वात लांबून आलेल्यांना जेवणाच्या आधीची ५.१०ची वेळ द्या. ते दमूनभागून वाजवतील, लगेच जेवायला बसतील, आणि पोट भरलं की चौथा बँड ऐकल्याशिवाय कुणी उठत नाही. शेवटी वाजवायला सर्वात जवळचा बँड ठेवा, जो सायकलने घरी जाऊ शकतो. त्याला परतायची घाई नसते आणि दुपारपासून बिअर प्यायची मुभा असते, जी धोक्याची आहे, पण असू दे. गावातल्या शाळकरी पोरांचा बँड असेल तर त्याला दुसरा घ्या. पहिला घेतलात तर आईबाप, आजी-आजोबा येऊन, फोटो काढून पावणेचारला परत जातात.

तासभराची सुट्टी बघून तुमची समिती कपाळाला आठ्या घालेल. "तासभर संगीत नाही?" मान्य करू नका. तो तास हा तुमच्या कार्यक्रमाचा गाभा आहे.

इथल्या बँडना उन्हाळाभर काय खायला मिळतं ते माहीत आहे? पाव आणि चीज. प्लास्टिकच्या डब्यात मऊ पडलेले पाव, चीजचे काप आणि कधीमधी केळं. किंवा तीन कुपनं, ज्यांवर फ्राइट घ्या. डच माणूस दुपारी थंड पावावर भागवतो, पण संध्याकाळी सहाला त्याला गरम जेवण लागतं, ठरल्या वेळी लागतं, आणि बसून लागतं. म्हणून स्टेजमागे एक लांब टेबल, बाकडी, खऱ्या थाळ्या, आणि सहा वाजता एक मोठं पातेलं. मी मसुरीची आमटी आणि भात करतो. पस्तीस माणसांना तीन किलो मसूर, पाच किलो तांदूळ, काकडीची कोशिंबीर. या मंडळींत शाकाहारी बरेच आणि दूधही न घेणारे काही असतात, म्हणून तूप घालायचं नाही, तेलाची फोडणी. कोशिंबिरीचं एक भांडं बिनदह्याचं. तिखट निम्मं, आणि ठेचा बाजूला वाटीत, सूचनेसह. एका वर्षी फ्रीसलँडचा एक बेसवाला, साडेसहा फुटी, सूचना न वाचता ठेचा चमच्याने खाऊन गेला. काही बोलला नाही, फक्त कान लाल झाले. मग तिसऱ्यांदा भात घ्यायला आला तेव्हा विचारलं, आमटीत तरंगणारी ही पानं खायची की बाजूला काढायची? कढीपत्त्यावरून तिथे जी चर्चा सुरू झाली ती आठ वाजेपर्यंत चालली. तोवर चौथा बँड निम्मा वाजवून झाला होता आणि ही सगळी टोळी थाळ्या हातात घेऊन स्टेजसमोर उभी होती. मला हेच हवं असतं.

गायकांपैकी काहीजण वाजवायच्या आधी जेवत नाहीत. चौथ्या आणि पाचव्या बँडसाठी झाकण लावून वेगळं काढून ठेवा आणि तसं त्यांना सांगा. पेयाची कुपनं माणशी चार, गाडी चालवणाऱ्याला बिनदारूच्या बिअरची वेगळी सोय. आणि प्रत्येकाला विचारा की त्यांच्याबरोबर कोण कोण आलंय. ड्रमरच्या मैत्रिणीलाही थाळी मिळाली तर गाडी आठच्या आत निघत नाही.

बाकीचं भराभर सांगतो. परवानगी नगरपालिकेकडून, ती तुमच्या मंडळींनी काढलेली असेलच. आवाजाची अट त्यात वाचा. इथल्या महोत्सवांनी आणि सभागृहांनी सरकारशी केलेल्या करारात पंधरा मिनिटांची सरासरी १०३ डेसिबलच्या वर जाऊ नये असं आहे, पण वस्तीत शेजाऱ्याच्या भिंतीपाशी मोजलेली नगरपालिकेची मर्यादा त्याहून बरीच कमी असते, आणि तुम्हाला तीच नडते. शेजाऱ्यांच्या पेटीत आठ दिवस आधी चिठ्ठी टाका, तिच्यावर एक फोन नंबर द्या आणि तो फोन त्या दिवशी खरोखर उचला. वैतागलेल्या शेजाऱ्याला दोन कुपनं देऊन बोलवून घेणं हा उपाय इथेही चालतो. बुमा ही गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था, १९१३पासूनची. तिचे पैसे आयोजकाने भरायचे असतात. इंडी बँड आपलीच गाणी वाजवतात, म्हणजे त्यातले काही पैसे त्यांनाच परत मिळू शकतात, मात्र गाण्यांची यादी पोचायला हवी. ती स्टेजवर टेपने चिकटवलेली असते, फोटो काढून ठेवा आणि बँडलाही नोंद करायची आठवण करा. पावसासाठी ॲम्पवर टाकायला चार मोठी प्लास्टिकं. पाऊस येणार आहे, त्यात शंका नको.

आणि तुमच्याच गावातल्या ५ मेच्या मुक्तिदिनाच्या महोत्सवाशी बरोबरी करू नका. १९४५मध्ये जर्मन सैन्याच्या शरणागतीची बोलणी तुमच्या गावातल्या हॉटेल द वेरेल्डमध्ये झाली, त्यामुळे त्या दिवशीची गर्दी आणि स्टेजं वेगळ्याच मापाची असतात. समितीतलं कुणीतरी "आपणही मोठा पडदा लावू या" म्हणेल. त्या पैशांत माझं पातेलं तीनदा शिजतं.

आता ढोल-ताशा. तुम्ही लिहिलंय की जवळच्या शहरात मराठी मुलांचं एक छोटं पथक आहे, बारा जणांचं, त्यांना पाच बँडच्या जोडीला स्टेजवर अर्धा तास द्यावा का. स्टेजवर अजिबात नको. चार बाय सहा मीटरच्या स्टेजवर बारा ढोल मावत नाहीत आणि माईकची त्यांना गरजही नाही. पण पथक बोलवा. बँड बदलताना जी वीस-पंचवीस मिनिटांची पोकळी पडते, तिथे ते सोन्यासारखे आहेत. इथल्या लोकांना गावच्या पितळी बँडने रस्त्यातून वाजवत जाण्याची सवय आहे, ते लगेच वाट करून देतील आणि मागे चालतील. पहिल्या आणि दुसऱ्या बँडमध्ये एकदा, आणि चौथ्या-पाचव्यामध्ये एकदा, दर वेळी दहाच मिनिटं. पथकातल्या बारा जणांनाही थाळी धरा, म्हणजे मसूर चार किलो.

फक्त त्यांना मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, दुकानांच्या बाजूला ठेवा आणि स्टेजकडे यायचं नाही हे त्यांच्या प्रमुखाकडून कबूल करून घ्या. एकदा मी लाइन तपासत असताना ताशा पंधरा फुटांवर आला. ड्रमच्या वरच्या दोन्ही माईकमध्ये तोच, गायकाच्या माईकमध्येही तोच. मी दोन मिनिटं स्नेअर समजून ताशाचा आवाज जुळवत बसलो होतो, आणि मला वाटत होतं, वा, काय कडक स्नेअर आहे.